शिकवताना आढळल्या नाहीत

शालन गेल्याची बातमी मला झेंडूच्या चौकटीत मिळाली. सकाळी मटकी निवडत बसले होते, तेवढ्यात आमच्या शाळेच्या आजी-माजी शिक्षकांच्या ग्रुपवर एक चित्र आलं. चारी बाजूंनी झेंडू, खाली दोन समया, मधोमध शालनचा ओळखपत्रावरचा फोटो आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘उपक्रमशील, विद्यार्थिप्रिय, आदर्श शिक्षिका’. मला आधी वाटलं, चला, उशिरा का होईना, ह्यांनी बाईला एखादा पुरस्कार दिला. चष्मा पुसून पुन्हा बघितलं तेव्हा खालची ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ दिसली. पाठवणारं कोण, तर संस्थेचे सेक्रेटरी साहेब... ज्या माणसानं तिला तिच्या वर्गातून उठवून निपाणीला धाडलं, त्याच्याच फोनवरून मला तिचं मरण कळावं. मटकीचं ताट तसंच बाजूला सारलं आणि रिक्षा बघायला बाहेर पडले.

आता त्याला काही आठवडे झाले. रडून झालं. उरलाय तो राग. वर्तमानपत्राच्या पुरवणीत, गेलेल्या माणसावर लिहायचं म्हणजे गोड लिहायचं असतं हे मला कळतं. सगळा जन्म मुलांना निबंध शिकवण्यात गेलाय. पण शालनवर गोड लिहिणारे आता पुष्कळ निघालेत. ती जिवंत होती तेव्हा हीच मंडळी तोंडात गुळणी धरून बसली होती. त्यामुळं ज्यांना गोड वाचायचं असेल त्यांनी खुशाल पुढचं पान काढावं.

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या मराठी हायस्कुलात मी मराठी शिकवायचे आणि शालन गणित. वयानं ती माझ्याहून बरीच लहान, म्हणून मला आक्का म्हणायची. वडगावचीच, कोष्ट्याची पोर. घरात विजेवरचे दोन माग, वडील लवकर गेलेले, आईनं मागावर उभं राहून हिला बी.एस्सी., बी.एड. केलेली. रुजू झाली त्या दिवसापासून स्टाफरूमला तिच्या आवाजाचा त्रास. साधं ‘चहा आला काय’ विचारलं तरी मैदानावरच्या पोरांना ऐकू जायचं. आमचे ड्रॉइंगचे सर हात जोडून म्हणायचे, बाई, हळू बोला, इथं माग न्हाईत. ती आणखी मोठ्यानं हसायची. मागाच्या घरात वाढलेली माणसं एक तर ओरडून बोलतात, नाही तर अजिबात आवाज न काढता बोलतात, हे मला तिच्या घरी गेल्यावर कळलं.

पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा दोन्ही माग चालू होते. वडगावात ज्यांचं घर नाही त्यांना तो आवाज सांगून कळायचा नाही. जमीन हलते, पोटात खडखड होते, शेजारच्याचं बोलणं कानापर्यंत पोचत नाही. शालन दारात उभी राहिली आणि आईकडं बघून नुसते ओठ हलवले. आईनं मागात धावणाऱ्या धोट्यावरची नजर उचलून ओठांनीच काहीतरी उत्तर दिलं. पुन्हा हिनं, पुन्हा तिनं. मायलेकींचं असं निवांत बोलणं चाललेलं आणि मी मधे ठोंब्यासारखी उभी. मला वाटलं, ह्या माझी चेष्टा करतायत. नंतर कळलं, करतच होत्या. ही बाई वर्गात मोठमोठे शब्द वापरती, पण आपल्या घरात तिला एक अक्षर वाचता येत न्हाय, असं शालन आईला सांगत होती. आईच्या कानांचं तर केव्हाच वाटोळं झालेलं, पण समोरच्याचे ओठ दिसले की तिचं काही अडायचं नाही. वडगावातलं कुठलंही पोर हे बोलणं पाळण्यातच शिकतं. त्याला कुणी नाव दिलेलं नाही, कारण त्यात नाव देण्याजोगं काही आहे असं कुणाला वाटलेलंच नाही.

मग तो कोरोना आला आणि शाळा बंद झाल्या. आम्ही सगळे शिक्षक फोनपुढं बसून पाठ करायला लागलो. मी स्वयंपाकघरातल्या डब्याला फोन टेकवून कविता शिकवायचे. कोण ऐकतंय, कोण नाही, देव जाणे. शालननंही तेच केलं आणि आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं की वडगावच्या पोरांना काहीच येत नाही. ती मास्क लावून घरोघर गेली. रूपा नावाची तिची एक विद्यार्थिनी होती, आठवीतली, गणितात चटपटीत. तिच्या घरात शालन शिरली तर पोरगी मागाशेजारी बसून एका हातानं सुताच्या कांड्या भरत होती, मांडीवर फोन, फोनमध्ये शालनच ओरडून ओरडून समीकरणं शिकवतेय... आणि रूपाला त्यातलं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं. फोन छोटा, फोनमधली बाई छोटी, ओठ दिसत नाहीत. कानात घालायचे इअरफोन घ्यावेत तर मागाच्या आवाजापुढं त्यांची काय मिजास.

घरी येऊन तिनं सगळे पाठ पुसून टाकले आणि नव्यानं केले. ह्या पाठांत आवाज नव्हता. अर्ध्या चौकटीत फळा, अर्ध्या चौकटीत तिचं तोंड, जवळून, उजेडात. फळ्यावर एकेक पायरी लिहायची, थांबायची, आणि ओठांनी सावकाश समजावून सांगायची, अगदी आई सांगायची तसं. मागाच्या आवाजात मुलांना जे ऐकू येत नव्हतं ते आता दिसायला लागलं. जन्मभर जिच्या आवाजाची आम्ही टिंगल केली त्या बाईनं मुके पाठ केले. पोरं तीच चित्रफीत थांबवून, मागं नेऊन, पुन्हा बघायची. मी तिला म्हटलं, शालन, ही युक्ती तुला सुचली कशी गं? ती म्हणाली, सुचायचं काय त्यात आक्का, आमच्यात सगळी असंच बोलत्यात.

शाळा सुरू झाल्यावर बाकीच्यांनी फोन बाजूला ठेवले आणि हुश्श करून खडू हातात घेतला. शालननं मात्र पाठ चालूच ठेवले. घरी बाई शिकवणार, शाळेत पोरं करणार, असा तिनं नियम केला. म्हणजे धडा घरी बघून यायचा आणि ज्याला आम्ही गृहपाठ म्हणतो तो वर्गात तिच्यासमोर सोडवायचा. कारण विचारलं तर तिचं उत्तर तयार असायचं. फळ्यावर शिकवलेलं तर सगळ्यांनाच कळल्यासारखं वाटतं. खरं अडतं ते गणित स्वतः करायला घेतल्यावर. आणि ते आपण घरी करायला देतो, जिथं आई मागावर, बाप मागावर, पोरगी कांड्यांवर. ‘अडलं तर तिनं कुणाला इचारायचं आक्का? मागाला?’ असं ती म्हणायची.

तिचा तो वर्ग मी बघितलाय. मुलं गटागटानं बसलेली, भांडणं चाललेली, एक मुलगी दुसरीचा हात धरून फळ्याकडं ओढतेय, आणि शालन कुणाच्या तरी बाकाशेजारी फरशीवर मांडी घालून बसलेली. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, बाजार भरलाय. पण ज्या पोरी सातवीपर्यंत तोंड उघडत नव्हत्या त्या तिथं ‘हे चुकलंय’ म्हणून वाद घालत होत्या. रूपा त्यांत पुढं. नववीच्या परीक्षेत तिनं गणितात वर्गात पहिला नंबर काढला, आणि तिच्या घरच्यांनी, आता दहावीची एसएसएलसी झाली की पोरीला कॉलेजात घालू, असं पहिल्यांदा तोंडानं कबूल केलं. शालनला काय हवं होतं हे कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन. तिला मानपत्र नको होतं. तिला तो वर्ग हवा होता, आणि त्या वर्गातली मुलं मागापासून सुटायला हवी होती.

लोकांनी ह्या वर्गाला नाव काय ठेवलं, तर ‘उलटी शाळा’. ह्या शब्दावर काय काय विनोद होऊ शकतात ते मराठी वाचकाला सांगायला नको; स्टाफरूममध्ये ते सगळे होऊन गेले. पालकही कुरकुरायला लागले. पगार बाईला, आणि शिकायचं पोरांनी आपलं आपण घरात, असं गल्लीत बोललं जायला लागलं. एक दिवस एक पालक शाळेतच आले. म्हणाले, मास्तरानं शाळेत शिकवायचं आणि पोरानं घरात अभ्यास करायचा, ही रीत. तुम्ही हे सगळं उलटं का चालवलंय? शालननं त्यांना विचारलं, तुमच्या मागावर बुट्ट्याची साडी कुठल्या बाजूनं विणता हो दादा? ते म्हणाले, उलट्या. बुट्ट्याची साडी मागावर पालथीच असते, सुलटी बाजू खाली, विणणाऱ्यालाही ती दिसत नाही. ‘मग साडी उतरस्तवर मला बी जरा थांबून बघा की,’ शालन म्हणाली. ते गृहस्थ हसले आणि गेले. कोष्टी माणूस थांबायला तयार होता. थांबायला तयार नव्हते ते शिकलेले.

त्याच वर्षी संस्थेनं आमच्या हॉलमध्ये एक कार्यशाळा घेतली. विषय ‘फ्लिप्ड क्लासरूम’. बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. ते पडद्यावर इंग्रजी चित्रं दाखवत होते आणि सेक्रेटरी साहेब पहिल्या रांगेत मान डोलवत होते. धडा घरी, सराव शाळेत, शिक्षक मुलांच्या शेजारी... मी शालनकडं बघितलं. ती शेवटच्या बाकावर हनुवटीला हात लावून ऐकत होती. ह्या सभागृहात हे काम रोज करणारी एकच बाई होती, आणि तिला दोन शब्द बोलायला कुणी बोलावलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं असं नाही. तिच्या वर्गाला ‘उलटी’ म्हणणारे सगळे तिथं होते. पण इंग्रजी नाव घेऊन आलं की शिक्षणशास्त्र, आणि वडगावातून उगवलं की उलटी. परत येताना ती म्हणाली, ‘आक्का, त्यांनी सांगितलं ते आणि मी करते ते एकच की गं. फक्त त्यांच्या घरात माग न्हाईत.’

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर संस्थेची तपासणी समिती आली. रूपाचं ते दहावीचं वर्ष. सेक्रेटरी साहेब स्वतः समितीत होते. आधी त्यांनी शालनचे पाठ बघायला मागितले. ऑफिसची दारं लावली, पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं. पडद्यावर शालन आली, ओठ हलायला लागले, आणि आवाज येईना. साहेबांनी रिमोट घेऊन आवाज वाढवला. येईना. शिपायाला बोलावून तारा हलवून झाल्या. मी कोपऱ्यात उभी होते. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. शेवटी शालनच म्हणाली, साहेब, तारा ठीक आहेत, त्यात आवाज नाहीच. मग मुलं ऐकणार काय, असं साहेबांनी विचारलं. ऐकत नाहीत, बघतात, असं ती म्हणाली. समितीतले एक जण फिस्सकन हसले.

तिनं त्यांना विनंती केली, की पलीकडच्याच गल्लीत रूपाचं घर आहे, माग चालू आहेत, थोडा वेळ चला, तिथं उभं राहून हाच पाठ बघा. साहेबांनी घड्याळ बघितलं. हॉटेलात जेवण सांगितलेलं होतं. कुणी गेलं नाही. पलीकडची गल्ली, बेळगावात जन्म काढलेली माणसं, आणि मागाच्या घरात जरा वेळ उभं राहायला एकालाही सवड झाली नाही. जेवून आल्यावर ते तिच्या वर्गावर गेले, तर वर्ग नेहमीसारखा बोलत होता, भांडत होता, आणि शालन फरशीवर बसून कुणाचं तरी त्रिकोणाचं गणित बघत होती. फळा कोरा. नंतर अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, ‘भेटीच्या वेळी शिक्षिका अध्यापन करताना आढळल्या नाहीत. विद्यार्थी आपापसांत बोलत होते.’ मी मराठीची शिक्षिका. इतकं शुद्ध आणि इतकं निर्लज्ज वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही.

नाताळच्या आधी तिची बदली झाली. संस्थेची निपाणीला शाखा आहे, तिथं ‘तातडीची गरज’ निघाली. दहावीचा वर्ग ऐन परीक्षेच्या तोंडावर दुसऱ्या सरांकडं गेला. सर बिचारे सज्जन. फळा भरून लिहायचे, पुसायचे, आणि गणितं घरी करायला द्यायचे. रूपा गणितात नापास झाली. पुरवणी परीक्षेला ती बसलीच नाही. मागावर उभी राहिली. शालनला मी हे सांगायचं टाळत होते, पण तिला माझ्याआधीच कळलेलं होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, ‘तिला गणित येत हुतं आक्का. तिला गणित येत हुतं.’

आई वडगावात, म्हणून तिला निपाणीत खोली करून राहता येईना. पहाटे उठून आईचं सगळं आवरायचं, बस गाठायची, हायवेवर दोन्ही वेळा तो प्रवास. आम्हाला वाटलं, आता ही थकेल, चारचौघींसारखी फळ्यावर लिहून मोकळी होईल. मी एकदा भाचीच्या घरभरणीला निपाणीला गेले होते, तेव्हा मुद्दाम तिच्या शाळेत गेले. ती मला धरून एका विद्यार्थिनीच्या घरी घेऊन गेली. ओसरीवर तीन-चार बायका मांडीवर सुपं घेऊन बिड्या वळत बसलेल्या, त्यांच्यात ती मुलगी दोरा बांधत होती. नजर सगळ्यांची सुपात. पानावरून नजर हलली की बिडी बिघडते. आणि खांबाला टांगलेल्या फोनमधून शालनचा आवाज येत होता. नुसता आवाज. फोनच्या पडद्यावर काहीच नाही.

मला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. वडगावात कान गुंतलेले आणि डोळे मोकळे. इथं हात आणि डोळे गुंतलेले, पण घर शांत, कान मोकळे. म्हणून तिनं तेच सगळे धडे पुन्हा नव्यानं केले, ह्या वेळी चित्राशिवाय. फोनमधली शालन सांगत होती, पान हातात घ्या, ह्या कोपऱ्यापासनं समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं कातरलं असं मनात आणा, आता तिरकी कड मोठी का उभी कड मोठी? ती मुलगी उत्तर द्यायच्या आधी तिची मावशीच ‘तिरकी’ म्हणाली, आणि मग, पण आमचा कारखानदार असलं पान माघारी देतोय बघा, असं म्हणून सगळ्या बायका हसल्या. शालन माझ्याकडं बघून भुवया उडवत होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला तशी बघत होते. मला त्या वेळी जे वाटलं ते लिहायला मी लाजत नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि तिला इथं पाठवणाऱ्यांची किळस आली.

समिती निपाणीलाही गेलीच. ह्या वेळी त्यांनी फोन डोळ्यांपुढं धरला आणि पडदा काळा बघून, ह्यात चित्रच नाही, असा शेरा दिला. एकीकडं आवाज नाही, दुसरीकडं चित्र नाही. बाईंचं काम अर्धवट असतं, असं साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. शालननं त्यांना काही समजावलं नाही. बसमध्ये बसून मला फोन केला आणि त्यांची नक्कल करून दाखवली. हसत होती. मी नाही हसले.

तिची आणि माझी शेवटची भेट बेळगावच्या बसस्टँडवर झाली. ती निपाणीहून उतरत होती, मी धारवाडच्या गाडीसाठी उभी होते. तिचे पाय सुजलेले होते, चेहरा ओढलेला. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेतेस काय, विचारलं, तर आठवण झाली की घेते म्हणाली. वडगावला परत घ्या म्हणून तिनं त्या वर्षी पुन्हा अर्ज केला होता. साहेबांनी ‘पुढच्या जूनला बघू’ म्हणून सांगितलं होतं. ‘पुढचा जून कुठल्या साली येतोय, तेवढं इचारून घे गं आक्का त्यांना,’ ती म्हणाली. माझी गाडी लागली आणि मी गेले.

जून आला नाही. निपाणीच्या स्टँडवर संध्याकाळच्या बसची वाट बघत असताना तिला घेरी आली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. बदलीनं ती मेली असं मी म्हणणार नाही; ब्लडप्रेशर तिला आधीपासून होतं, आणि तसं म्हटलं तर साहेब माझ्यावर वकील घालतील. पण माणूस कशानं झिजतं हे डॉक्टरच्या कागदावर लिहायला जागा नसते. रात्रभर तिची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्या आईला कुणी सांगायचं, हा प्रश्न सकाळी पडला तेव्हा मी पुढं झाले. घरातले आणि शेजाऱ्यांचे माग बंद केलेले होते. म्हातारीनं माझ्या ओठांकडं बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आधीच हातानं मला थांब म्हणून खूण केली.

शोकसभा आमच्याच हॉलमध्ये झाली. व्यासपीठावर सेक्रेटरी साहेब. सीमाभागातली मराठी शाळा जगली पाहिजे, त्यासाठी शालनबाईंसारख्या शिक्षिका पाहिजेत, असं ते बोलले. त्यांची नातवंडं कुठल्या माध्यमात जातात हे सगळ्या हॉलला ठाऊक होतं, पण शोकसभेत कोण बोलणार. मग त्यांनी जाहीर केलं, की बाईंच्या नावानं शाळेत ‘डिजिटल वर्ग’ होणार आणि त्यात बाईंचे पाठ दाखवले जाणार. पाठ थोडे अपुरे होते, पण माझ्या पुतण्यानं मेहनत घेऊन ते पूर्ण केलेत, असं ते म्हणाले. पुतण्याचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. तो उठून उभा राहिला, टाळ्या झाल्या. त्यानं सांगितलं, एकात आवाज नव्हता आणि एकात चित्र नव्हतं, दोन्ही मॅडमचेच, दोन्ही एकाच धड्याचे, मग जोडून टाकले.

दिवे मालवले आणि पडदा उजळला. शालन वडगावच्या फळ्यापुढं उभी, हातात ताणलेला सुताचा दोरा, काटकोन दाखवत, ओठ सावकाश हलतायत. आणि मोठ्या स्पीकरमधून तिचाच आवाज निपाणीच्या बायकांना सांगतोय, पान हातात घ्या, नजर सुपातच ठेवा... ओठ दोऱ्याबद्दल बोलतायत, आवाज पानाबद्दल. व्यासपीठावरची माणसं समाधानानं माना हलवत होती. किती सुंदर, असं माझ्या पुढच्या रांगेत कुणीतरी म्हटलं. दोन गावांसाठी दोनदा केलेलं तिचं काम ह्यांनी एकमेकांवर ठेवून दोन्ही मारलं होतं, आणि हॉलभर कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मग मी मागं बघितलं. वडगावची मुलं मागच्या बाकांवर दाटीनं बसली होती, आता शिकत असलेली, केव्हाच शाळा सुटलेली. रूपा त्यांच्यात होती, मागावरून तशीच उठून आलेली, केसांत सुताचे तंतू. तिनं पडद्यावरची नजर न काढता दोन्ही कानांत बोटं घातली. तिच्या शेजारच्या मुलीनं घातली. मग त्या रांगेनं, मग पुढच्या रांगेनं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शालनचं बोलणं कळावं म्हणून कान बंद करून ती सगळी मुलं तिच्याकडं बघत बसली.

साहेबांना ते दिसलं. माईक हातात घेऊन ते म्हणाले, ही काय पद्धत आहे? तुमच्या बाई बोलतायत, जरा ऐका. एकाही मुलानं बोटं काढली नाहीत. मी उठले, मागं गेले, रूपाशेजारी बसले आणि कानांत बोटं घातली.

हॉलचा आवाज गेला. साहेबांचा आवाज गेला. पडद्यावर शालन दोरा खाली ठेवून जवळ आली आणि थेट बघत काहीतरी बोलली. मला ते वाचता येईना. इतकी वर्षं तिच्या घरी चहा प्याले, तरी येईना. मी रूपाला कोपरानं हलवलं आणि ओठांनीच विचारलं, काय म्हणते?

रूपानं माझ्याकडं तोंड केलं. आवाज न काढता, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून, तिनं सांगितलं.

‘न्हाय कळलं तर उद्या वर्गात ये म्हणत्यात. मी हाय म्हणत्यात.’